प्योकाकांचा उत्तर युरोप

प्रेरणा म्हणजे दुसऱ्याच्या घराचा फोटो. आमच्या धंद्यात एवढं एक वाक्य कुणी मोठ्याने बोललं, तर निम्मी दुकानं बंद पडतील. माझंही पडेल, म्हणून दुकानात मी ते बोलत नाही.

कोरियातल्या चुंगजू गावात, बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. दिवे, पडदे, गालिचे, उशा, आणि ज्यांचा कशाला म्हणून उपयोग नसतो पण जी नसली तर घर अपुरं आहे असं गिऱ्हाइकाला वाटायला लावता येतं अशी बरीचशी चिनीमातीची भांडी. कॉलेजात मी हे शिकले नाही. आईच्या गाळ्यावरून लोकांच्या घरी पडद्यांची मापं घ्यायला जायचे, तेव्हा शिकले. खिडकी मापताना माणूस दिसतोच. फोटो बघून घर केलेला माणूस स्वतःच्या दिवाणखान्यात पाहुण्यासारखा अंग चोरून बसलेला असतो, आणि बायको ओरडत असते, "ती उशी हलवू नका, ती तशीच तिरकी ठेवायची असते!" तिरकी उशी! माणसाची मान अवघडली तरी चालेल, उशी तिरकी पाहिजे.

तर त्या वर्षी थंडी पडायला लागली आणि प्योकाका दुकानात आले. प्यो जुंग-गिल. सत्तरी ओलांडलेली, गाडी शिकवायच्या शाळेत जन्मभर "ब्रेक! ब्रेक!" ओरडून आवाज फाटलेला. केस नुकतेच काळे केले होते आणि घाईत डाव्या कानालाही रंग लागला होता. कोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी एक घडी घातलेलं पान काढलं. दातांच्या दवाखान्यातल्या मासिकातून फाडलेलं.

"हे करून द्या," ते म्हणाले.

मी पान उलगडलं. राखाडी भिंत. काटकुळ्या लाकडी पायांचा फिकट सोफा. त्याच्या डोक्यावर बगळ्यासारखा वाकलेला पितळी दिवा. पांढरा केसाळ गालिचा, गोल टेबल, दोन खुर्च्या, आणि एका भांड्यात एक वाळकी फांदी. खाली लिहिलं होतं: उत्तर युरोपची शांतता.

"काका, हे घर कुणाचं आहे?"

"मला काय ठाऊक?"

"इथे कुणी राहत नाही बघा. टीव्ही नाही, औषधांचा डबा नाही, किमचीच्या लोणच्याचा वेगळा फ्रिज नाही, दारात चप्पल नाही."

"म्हणून तर पाहिजे," काका म्हणाले. "कुणीच राहत नाही असं घर करून द्या."

मग त्यांनी खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. बायको जाऊन चार वर्षं झाली. वॉर्डाच्या ज्येष्ठ नागरिक केंद्रात ते नाच शिकायला जायला लागले. तिथे मेंग ओक-बुन नावाच्या बाई येतात. बाजारात त्यांचं डुकराच्या आतड्याच्या सॉसेजचं आणि रश्श्याचं दुकान होतं, हल्लीच विकलं. विधवा. हाताला जोर असा, की नाचताना काकांना त्याच फिरवतात. काकांनी एक दिवस धीर करून विचारलं, "आपण एकत्र राहायचं का?" बाई म्हणाल्या, "दुसऱ्या बाईच्या घरात मी राहणार नाही. आधी घर बघेन, मग सांगेन." आणि महिनाअखेरीला जेवायला येते म्हणाल्या.

"आणि त्यांना आवडलं नाही तर?" मी विचारलं.

"तर तो गुक म्हातारा टपलेलाच आहे वर्गात," काका म्हणाले. "त्याचे दात स्वतःचे आहेत."

माणूस या थराला आला की त्याला उत्तर युरोप विकायला काही कौशल्य लागत नाही. मी माप घ्यायला गेले.

काकांच्या सोसायटीचं नाव इतकं परदेशी आणि लांबलचक आहे की टॅक्सीवाल्याला ते कुणी सांगत नाही, "जुन्या भट्टीजवळच्या इमारती" म्हणतात. आत सगळी घरं एकाच साच्यातली. जमिनीला पिवळं व्हिनाइल, छताला ऑपरेशन थिएटरसारखा पांढराफटक दिवा, आणि चामड्याचा तपकिरी सोफा. आमच्याकडे सोफा का घेतात ते मला अजून कळलेलं नाही. एवढा पैसा ओतायचा, गाडीतून आणायचा, मग त्याच्यासमोर जमिनीवर बसायचं आणि त्याला पाठ टेकायची. जमिनीखालून गरम पाण्याचे पाइप फिरत असताना वर हवेत लोंबकळत कोण बसेल? सोफा म्हणजे भिंत, फक्त जरा मऊ.

त्या सोफ्याच्या डाव्या अंगाला व्हिनाइलवर एक मोठा डाग होता. कडेला पिवळा, मध्ये गडद तपकिरी, पापड करपावा तसा. काकांच्या बायकोची ती जागा. तिला जमिनीखालची ऊब पुरायची नाही, म्हणून त्यावर आणखी विजेची गादी घालून दर हिवाळ्यात ती तिथेच बसायची. तिथेच लसूण सोलायची, मालिका बघायची आणि तिथूनच काकांना हाका मारायची. माणूस गेला, गादी गेली, करपलेलं तेवढं राहिलं.

"हे सगळ्यात आधी काढा," काका म्हणाले. डागाकडे न बघता म्हणाले.

घर रिकामं करायला वेळ लागला नाही. पलंग गेला, कपाट गेलं, सोफा गेला, बायकोने जमवलेले किमचीचे डबे शेजारणीला गेले. काका इतक्या उत्साहाने वस्तू दाराबाहेर ढकलत होते की लिफ्टमधली माणसं त्यांना "घर सोडताय का?" विचारायची. "छे, नवीन करतोय," म्हणायचे आणि डाव्या कानावर हात ठेवायचे. रंग अजून गेला नव्हता.

जमीन उखडायच्या दिवशी मात्र त्यांची मुलगी आली. उन-जो. देजॉनला विमा कंपनीत नोकरीला, चाळिशीची, लग्न न केलेली. खालच्या मजल्यावरच्या बाईने तिला फोन करून सांगितलं होतं, "तुझे बाबा वेडे झालेत, एकदा येऊन जा." ती ऑफिसच्या कपड्यांतच आली, बूट काढले, पर्स भिंतीशी ठेवली, आणि सरळ जाऊन त्या करपलेल्या डागावर मांडी घालून बसली.

"ऊठ," काका म्हणाले.

"नाही उठणार."

"उन-जो, माणसं आलीयेत कामाला."

"करू देत काम. मी कुठे अडवलंय? आईचा पलंग दिलात, बोलले का मी? कपाट दिलंत, बोलले का? डबे दिलेत, तेही त्या खालच्या चोंबडीला, तरी बोलले नाही. ही जागा नाही देणार."

"जागा कसली? डाग आहे तो!"

"असू दे डाग. तुमच्या तोंडावर कमी डाग आहेत? तुम्हाला उखडून टाकलं का कुणी?"

जमीनवाला दारात गुडघ्यांना पट्टे बांधून उभा होता. त्याला दुपारी दुसऱ्या घरी जायचं होतं. तो मला हळूच म्हणाला, "बाई, मी ताईंना वळसा घालून पट्ट्या बसवू का?"

आणि त्याने खरंच तसं केलं. सकाळभर तो पिवळं व्हिनाइल कापत, उखडत, लाकडी पट्ट्या ठोकत सरकत राहिला आणि उन-जो मध्ये बसून राहिली. हळूहळू तिच्या चारी बाजूंनी फिकट लाकूड आलं आणि ती मध्ये पिवळ्या तुकड्यावर, पूर आलेल्या नदीतल्या खडकावर म्हैस बसावी तशी. काका तिला ओलांडून स्वयंपाकघरात जात होते, परत येत होते. एकदा तिच्यासमोर त्यांनी मंदारिन संत्र्यांची ताटली ठेवली. तिने संत्री खाल्ली. सालं त्यांच्याच हातात दिली.

शेवटी मीच तोंड उघडलं. "काका, फोटोत गालिचा आहे ना? ही जागा तशीच राहू दे. वर गालिचा घालू. मेंगबाईंना काही दिसणार नाही, ताईंची जागा राहील, आणि या माणसाला जेवायला जाऊ द्या."

काकांनी मुलीकडे बघितलं. "तू त्या दिवशी काही बोलायचं नाहीस. कबूल?"

"कबूल. पण मी त्या दिवशी इथे असणार."

"तू कशाला?"

"आईच्या अंगावर कोण बसतंय ते बघायला नको मला?"

अशी ती तडजोड झाली. लाकूड व्हिनाइलपेक्षा जाड होतं, त्यामुळे ती जागा थोडी खोलगट राहिली, ताटाच्या तळासारखी. वर केसाळ पांढरा गालिचा टाकला की सगळं सपाट दिसायचं. आमच्या धंद्यात गालिचा यासाठीच असतो. ऊब वगैरे लेबलावर लिहायला.

पुढे मी फोटोतलं घर हुबेहूब उभं केलं, आणि चांगलं केलं, खोटं कशाला बोलू? भिंतीला धुक्याचा रंग दिला. सोफा आणला. बगळा-दिवा आणला, कोपऱ्यात कागदी दिवा, टेबलावर लोंबता दिवा, शेल्फाच्या आत लपवलेले दिवे, आणि सगळ्यांना मिळून एक रिमोट. पांढऱ्याफटक दिव्याच्या बटणावर मी चिकटपट्टी लावली आणि काकांना बजावलं, "याला हात लावायचा नाही. हा लागला की उत्तर युरोप संपला."

काका त्या अर्धवट उजेडात मोबाइलचा टॉर्च लावून रक्तदाबाच्या गोळ्या शोधायला शिकले. लोंबत्या दिव्यावर त्यांचं डोकं इतक्या वेळा आपटलं की टक्कल असतं तर खूण दिसली असती. तरी हूं की चूं नाही. फक्त सोफ्यावर बसायचा सराव तेवढा त्यांना जमेना. ताठ बसायचे, हात गुडघ्यांवर, बसची वाट बघत असल्यासारखे. मी वाळकी फांदी नीट करून वळले की काका खाली जमिनीवर.

"काका, वर बसा."

"बसलो होतो हो. आपोआप घसरलो." मग राखाडी भिंतीकडे बघत, "पण दिसतंय ना? कुणीच राहत नाही असं?"

"अगदी."

"झकास," काका म्हणाले, आणि सोफ्याच्या कडेला परत टेकले. म्हातारा घाबरला होता. नाही म्हणाली तर त्यांच्याकडे आता ना मेंगबाई असणार होत्या, ना बायकोचं घर. दातांच्या दवाखान्यातलं एक पान असणार होतं, आणि त्यात एकट्याने राहायचं होतं.

महिनाअखेरीची ती संध्याकाळ. मलाही बोलावणं होतं, कारण रिमोट काकांच्या हातात दिला की पडदे सोडून सगळं चालू-बंद व्हायचं. उन-जोने तिखट रश्श्यातली वाकटी केली होती. काकांनी टाय लावला होता.

मेंगबाई आल्या. बुटक्या, रुंद, जांभळं जाड जाकीट, डोक्यावर कुरळ्या केसांचा टोप, आणि बगलेत टॉयलेट पेपरच्या तीस रोलांचं गाठोडं. नव्या घरी जाताना आमच्याकडे दुसरं काही नेत नाहीत. रोल उलगडावा तसा संसार न तुटता उलगडत जावो म्हणून.

त्या उंबऱ्यात थांबल्या. "फ्यूज गेलाय का?"

"नाही नाही!" काका म्हणाले. "ही वातावरणाची रोशनाई आहे."

"असं," मेंगबाई म्हणाल्या. "मला वाटलं बिल भरायचं राहिलं."

"या ना, बसा. सोफ्यावर बसा."

बाईंनी सोफ्याकडे बघितलं. गाठोडं कुठे ठेवावं म्हणून इकडेतिकडे बघितलं. उत्तर युरोपात गाठोडं ठेवायला जागाच नसते. मग त्यांनी ते उचलून सोफ्यावर ठेवलं, बरोबर मध्यभागी. त्या संध्याकाळी सोफ्यावर बसलेला तो एकच पाहुणा.

जेवायला गोल टेबलाशी गेलो तर खुर्च्या दोन. फोटोत दोनच होत्या. आम्ही चौघं उभे. काकांनी माझ्याकडे रागाने बघितलं, जसं काही मी माणसं जास्त आणली होती.

"मास्तर, तुमचं घडीचं ठेंगणं टेबल कुठाय?" मेंगबाईंनी विचारलं. गाडी शिकवायचे म्हणून त्या काकांना मास्तर म्हणायच्या.

"गॅलरीत... पण ते या घराला शोभत नाही."

"वाकटीला शोभतं ना? आणा."

टेबल आलं, सोफ्यासमोर गालिच्यावर मांडलं, चौघं सोफ्याकडे पाठ करून एका रांगेत खाली बसलो. मेंगबाई नेमक्या डागाच्या शेजारी. उन-जो त्यांच्या बैठकीकडे डोळे लावून बसली, कॅरमवर सोंगटी भोकात जाते की नाही बघावी तशी. मेंगबाईंनी वाकटीचा तुकडा तोडला, डोळ्यांशी नेला, लांब नेला.

"काटा आहे की अंधार आहे हेच कळेना," त्या म्हणाल्या. "मास्तर, तुम्ही आधी खा. तुम्ही वाचलात तर मी खाईन."

उन-जोला हसू आलं. तिने ते खोकल्यात घातलं. काका मात्र गंभीर होते. ऐटीत काही बोलावं म्हणून त्यांनी घसा साफ केला आणि पाठ मागे टेकली. बाकी तिघींनीही सवयीने टेकली. आता जुना चामड्याचा सोफा असता तर तो गाढवासारखा जागचा हलला नसता. हा काटकुळ्या पायांचा. नव्या गुळगुळीत लाकडावर तो चौघांच्या पाठींसकट सुळकन मागे गेला. आम्ही तिघी कोपरांवर तोल सावरून राहिलो. काका पूर्ण आडवे झाले, टाय तोंडावर, आणि वरून टॉयलेट पेपरचं गाठोडं त्यांच्या छातीवर.

"ब्रेक!" मेंगबाई ओरडल्या.

मी आजवर पुष्कळ घरं सजवली, पण माझ्या कामाला एवढी दाद कुणी दिली नव्हती. त्या इतक्या हसल्या की डोळे पुसायला त्यांना त्यातलाच एक रोल फोडावा लागला. उन-जोही हसली. काकाही आडव्याआडव्या हसायला लागले. क्षणभर मला वाटलं, जमलं.

मग डोळे पुसून मेंगबाईंनी हात खाली ठेवला. आमच्याकडे बाया घरात गेल्या की करतातच ते. तळवा जमिनीवर फिरवायचा, ऊब कुठे आहे बघायची, तिथे सरकायचं. त्यांनी गालिच्यावर तळवा फिरवला. "एवढ्या थंडीत बॉयलर बंद?"

"चालू आहे, चालू आहे," काका उठून बसले.

बाईंनी गालिच्याखाली हात घातला. "अगं बाई! भट्टी आहे की खाली! मास्तर, गॅस जाळून गालिच्याची पाठ शेकताय? आणि माणसं वर काकडतायत?" आणि त्यांनी गालिच्याची कड धरली.

"नको!" काका ओरडले.

"मावशी, राहू द्या," मी म्हणाले.

 उन-जोने टेबल उचलून बाजूला धरलं.

सॉसेजचं दुकान चालवलेल्या बाईला 'नको' ऐकायची सवय नसते. त्यांनी चटई गुंडाळावी तसा गालिचा गुंडाळला. त्या मिणमिणत्या उजेडातही कळत होतं की खाली काहीतरी वेगळं आहे.

"दिवा लावा," मेंगबाई म्हणाल्या. "खरा दिवा."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. त्यांनी चिकटपट्टी सोलली आणि बटण दाबलं. उत्तर युरोप संपला. पांढऱ्या प्रकाशात बगळा-दिवा सलाइनच्या स्टँडसारखा दिसायला लागला, वाळकी फांदी कचऱ्यासारखी, आणि फिकट लाकडाच्या मधोमध तो पिवळा तुकडा, त्यात करपलेलं.

"हे काय?"

"डाग आहे हो," काका घाईने म्हणाले. "काढणारच होतो. ही पोरगी—"

"माझ्या आईची जागा आहे," उन-जो म्हणाली.

मेंगबाईंनी काकांकडे बघितलं, मग मुलीकडे. मग डागावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. "इथे बसून लसूण सोलायच्या ना?"

उन-जो चमकली. "तुम्हाला कसं कळलं?"

"मग काय समाधी लावायच्या?" बाईंनी हात काढून घेतला. "मास्तर, पलंग कुठाय त्यांचा?"

"दिला."

"कपाट?"

"दिलं."

"भांडीकुंडी?"

काकांनी बोट खालच्या मजल्याकडे केलं.

"मी म्हटलं होतं, दुसऱ्या बाईच्या घरात राहणार नाही. म्हटलं होतं की नाही? त्याचा अर्थ तुम्ही असा काढलात की त्या बाईला हाकलायचं. मी येणार, पाचसात वर्षं राहणार, मग मरणार. मग मला किती दिवसांत काढाल? एक महिना? परत जाल दातांच्या दवाखान्यात, दुसरं पान फाडायला?"

"मी तुमच्यासाठी केलं," काका म्हणाले. 

"मला विचारलंत? तुम्ही मासिकाला विचारलंत."

 मी वाळक्या फांदीकडे बघितलं. ते मासिक मीच प्रमाण मानलं होतं आणि त्याचं बिल लावलं होतं.

आणि मग उन-जो बोलली. महिनाभर बापाशी भांडलेली, डागावर ठाण मांडून बसलेली तीच. "मावशी, बाबा वाईट नाहीत. त्यांना एकट्याने राहता येत नाही एवढंच. आई गेल्यावर पहिलं वर्षभर ते टीव्ही बंद करून झोपले नाहीत."

"मला काय ते ठाऊक नाही?" मेंगबाई म्हणाल्या. "वर्गात हात धरला की ठाऊक होतं. पकड बघितलीयस त्यांची? बुडणाऱ्यासारखी." त्यांनी वाटीतला भात चमच्याने उगाच सारखा केला. "हे बघा मास्तर. इथे मी राहणार नाही. हे ना तुमच्या बायकोचं घर राहिलं, ना माझं झालं. पण माझ्या घरी जागा आहे. फक्त एक अट आहे."

काकांनी मान वर केली.

"माझ्या दिवाणखान्यात मासा आहे. आमच्या ह्यांनी धरणाच्या तलावात पकडलेला कार्प. अंगाला शाई फासून, कागदावर ठसा उमटवून, भिंतभर चौकट केलेला. खाली ह्यांचं नाव, तारीख, वजन. तो मासा उतरणार नाही. त्याच्याखाली बसून घास गिळता येत असेल तर या."

काकांनी बराच विचार केला. "केवढा आहे?"

"काय?"

"मासा."

मेंगबाईंनी दोन्ही हात पसरले. पुरले नाहीत. एक हात उन-जोच्या डोक्यावरून पलीकडे नेला.

"मीही पकडलेत मासे," काका म्हणाले.

"दाखवा."

"ठसे नाही घेतले."

"मग पकडलेच नाहीत," बाई म्हणाल्या. "येताय का ते उद्या सांगितलंत तरी चालेल. आत्ता जेवा, वाकटी गार होतेय."

आणि आम्ही त्या पांढऱ्याफटक उजेडात, गुंडाळलेल्या गालिच्याला पाठ टेकून जेवलो. काटे लख्ख दिसत होते.

काका गेले. सफरचंदाच्या बागांना फुलं यायच्या आत गेले, एक बॅग आणि नाचाचे बूट घेऊन, मेंगबाईंकडे. त्यांचं घर उन-जोने भाड्याने देऊ दिलं नाही. शनिवार-रविवार ती येते, सोफा भिंतीपर्यंत ढकलून त्या खोलगट जागेत बसते आणि टीव्ही बघते. टीव्ही तिने परत आणला. तो आणायच्या आधी मी घराचे फोटो काढून घेतले होते, ते घरसजावटीच्या ॲपवर टाकले. लोक वेडे झाले. "किती शांत!" "इथे कोण नशीबवान राहतं?" मी कुणालाच उत्तर दिलं नाही. त्या फोटोंवर मला पुढे भरपूर कामं मिळाली, सगळ्यांना हेच पाहिजे होतं, आणि मी सगळ्यांना ते करून दिलं. दोनच खुर्च्या.

एप्रिलमध्ये काकांचा फोन आला. कुजबुजत बोलत होते, मागे नळाचा आवाज. बाथरूममधून बोलत असावेत. "डिझायनरबाई, एक दिवा पाहिजे. असा, की सगळीकडे उजेड पडेल, पण एका भिंतीवर नाही पडणार."

"कुठल्या भिंतीवर?"

"तुम्हाला ठाऊक आहे कुठल्या."

मी गेले. मेंगबाईंचं घर बघून माझ्या धंद्याने डोळे मिटून घेतले. छताला ट्यूबलाइट, फ्रिजवर प्लॅस्टिकची द्राक्षं, खिडकीला एकमेकांशी वैर असलेले दोन पडदे, आणि भिंतीवर तो. काळाकुट्ट, खवल्याखवल्याचा, एक डोळा वटारलेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. काका त्याच्याकडे पाठ करून बसले होते आणि त्यासाठी त्यांनी टीव्हीकडेही पाठ केली होती.

"बरं झालं आलीस, पोरी," मेंगबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "त्या माशावर एक चांगला दिवा लावून दे. चित्रांवर लावतात ना, तसला. ट्यूबखाली तो नीट दिसत नाही."

काका माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होते, मान हळूच 'नको नको' हलवत होते. त्यांनी मला उत्तर युरोपचे पूर्ण पैसे दिले होते. माणूस म्हणून त्यांचं थोडं ऐकायला पाहिजे होतं. पण घर ज्याचं, दिवा त्याचा. हे मी त्या आधी कधी पाळलं नव्हतं, म्हटलं, एकदा बघू.

दुसऱ्या दिवशी पितळेचा लांब दिवा आणला, चौकटीच्या वर बसवला, वायर भिंतीतून खाली घेतली. मेंगबाईंनी बटण दाबलं. मासा भिंतीतून बाहेर आल्यासारखा झाला. खवल्यांच्या कडा, कल्ल्यांची रेघ, शेपटीजवळ शाईत उमटलेला कुणाच्यातरी अंगठ्याचा ठसा, सगळं दिसायला लागलं.

काकांना आता वळून बघणं भाग होतं. ते वळले. मग उठले. चष्मा लावून जवळ गेले. नाव वाचलं, तारीख वाचली. वजन दोनदा वाचलं. कागदाला न टेकवता बोट शेपटीपर्यंत नेलं.

"इथे शाई पुढे ओढलीय," ते म्हणाले. "हा मासा एवढा लांब नव्हताच."

स्वयंपाकघरातला आवाज थांबला. मी माझ्या हत्यारांची पेटी उचलली. म्हटलं, आता निघावं.

मेंगबाई रश्श्याचं पातेलं घेऊन बाहेर आल्या. त्यांनी ते टेबलावर ठेवलं, हात पुसले, माशाकडे बघितलं.

"नव्हताच," त्या म्हणाल्या. "मी होते तिथे. जेवा आता."

काकांनी आपली बसायची उशी उचलली, टेबलाच्या या बाजूची त्या बाजूला नेली आणि माशाकडे तोंड करून जेवायला बसले.